खडशीचा सोबती

मैंदर्गीसारख्या कोरडवाहू शिवाराच्या गावात वाढलेल्या माणसाला माशांचे अप्रूप कुठून असणार? पावसाकडे डोळे लावण्यातच आमचे निम्मे आयुष्य गेले. मात्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे नाव भेटले आणि मनात घर करून राहिले.

1940 साली या गृहस्थांनी मुंबई इलाख्याच्या मचूळ पाण्यातल्या एका इवल्या, पारदर्शक माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांना नवे कुळच मांडावे लागले. माशाला नाव दिले होराइक्थिस सेटनाय. त्यात सुंदरलाल होरा आणि डॉ. सेटना या दोन मत्स्यतज्ज्ञांची आठवण आहे. स्वतःच्या नावाचा मात्र मागमूस नाही!

पुढे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषवल्यावर ते महसीरकडे, म्हणजे आपल्या खडशीकडे वळले. कर्नल साइक्सने 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला हा मासा. देवाचा म्हणून महाडजवळच्या वाळण कोंडीत तो आजही राखला जातो. पण विणीसाठी प्रवाहाच्या उलट चढणाऱ्या या जातीची वाट धरणांनी अडवली. 1970च्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावाकाठी, कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीची अंडी हाताने काढून, त्यांवर नराचे वीर्य सोडून पिल्ले वाढवली. ज्या धरणाने वाट अडवली, त्याच्याच काठी त्या जातीचा पाळणा हलला. पिल्ले मग दूरदूरच्या नद्यांत गेली.

इथेच गोष्ट अवघड होते. कावेरीत सोडलेली खडशी इतकी फोफावली, की तिथला मूळचा कुबड्या महसीर मागे हटला. 2018 साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत अभ्यासक या परक्या पाहुण्यालाही धरतात.

म्हणून कुलकर्णींचे काम उणे ठरते का? मला तसे वाटत नाही. नाहीशी होणारी जात हाताने वाढवता येते, हे त्यांनी दाखवले. मात्र पिल्ले सोडण्याआधी ती नदी कुणाची, हे विचारायचे राहून गेले आणि ती चूक एकट्या माणसाची नव्हे, साऱ्या काळाची होती. बोअर मारताना आम्ही मैंदर्गीकरांनी तरी खालचे पाणी कुणाचे, हे कधी विचारले?