डोकं चालतं कसं? लेखांक ९ : टीसीला दिसणारा फुकट्या

रोजच्या जगण्यात तुम्ही तर्कानं चालता की कल्पनेनं, असं विचारलं की लोक आपल्या पेशाकडे बघून उत्तर देतात. इंजिनिअर, वकील, हिशेबनीस स्वतःला तर्काच्या खात्यात टाकतात. नाटकवाले, चित्रवाले कल्पनेच्या. मग कुणीतरी डावा मेंदू तर्काचा, उजवा कल्पनेचा, असं सांगतं. ते आधी निकालात काढू. मेंदूचे दोन अर्धे काही कामं वेगवेगळी करतात, हे खरंच आहे. मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं ते याच शोधासाठी. पण त्यावरून माणसांच्या दोन जाती पाडल्या त्या शिबिरं भरवणाऱ्यांनी. अमेरिकेत युटा विद्यापीठानं हजारावर लोकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा एकच अर्धा वरचढ असलेली माणसं काही सापडली नाहीत. २०१३ सालची गोष्ट.

माझ्यापुरतं उत्तर असं : पुढे चालते ती कल्पना. तर्क मागून येतो आणि तिनं जे समोर आणून ठेवलं तेवढंच तपासतो. तिनं आणलंच नाही, तर तर्क कितीही तल्लख असला तरी हात बांधून बसतो. हे नुसतं म्हणून पटायचं नाही, म्हणून एक कोडं घेऊ.

टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतंय ते असं : अ, क, ४, ७. नियम सांगितला आहे की एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतोच. हा नियम खरा की खोटा, हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? नको ते उलटायचे नाहीत, हवे ते सोडायचे नाहीत. पुढे वाचण्याआधी ठरवून टाका.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॉसन यांनी १९६६ साली हे कोडं मांडलं (पत्त्यांवर अर्थातच रोमन अक्षरं होती) आणि तेव्हापासून शिकलीसवरलेली माणसं त्यात आपटत आली आहेत. बहुतेक जण 'अ' तरी सांगतात, नाहीतर 'अ आणि ४'. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. व्यंजनामागे काय असावं हे त्यानं सांगितलेलंच नाही. सातच्या मागे स्वर निघाला, तर मात्र नियम तिथंच मोडला. बरोबर उत्तर देणारा दहांतला एखादाच निघतो.

आता दादर स्टेशनवर या. नियम साधा : फर्स्ट क्लासच्या डब्यातून जायचं तर तिकीट फर्स्ट क्लासचं हवं. टीसीसमोर चौघं आहेत. एक फर्स्ट क्लासमधून उतरला, तिकीट खिशात. दुसरा सेकंड क्लासच्या दारातून उडी मारून आला. तिसऱ्याच्या हातात फर्स्ट क्लासचं तिकीट आहे, उतरला कुठून ते दिसलं नाही. चौथ्याच्या हातात सेकंड क्लासचं, तोही कुठून उतरला ठाऊक नाही. चौकशी कुणाची करायची? पहिल्याची आणि चौथ्याची. यात विचार करण्यासारखं काय आहे, असंच तुम्ही म्हणाल. पण कोडं तेच आहे. चौथा माणूस म्हणजे तो सात आणि सुटलेला तिसरा म्हणजे चार.

ही गंमत अमेरिकेत प्रयोगानं दिसून आली आहे. १९८२ साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना अंक-अक्षरांऐवजी बिअर पिणारे आणि त्यांची वयं दिली. ठरावीक वयाखालच्याला बिअर नाही, हा नियम. जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थी बरोबर आले. त्यांचा तर्कशास्त्राचा वेगळा तास कुणी घेतला नव्हता.

मग काय बदललं? विषय ओळखीचा झाला म्हणून जमलं, हे पहिलं उत्तर. ते पुरत नाही. १९७९ साली मॅन्क्टेलो आणि एव्हन्स यांनी खाण्यापिण्याचाच नियम दिला होता : अमुक मासा खाल्ला, तर जिन प्यायची. मासाही ओळखीचा, जिनही ओळखीची, तरी लोक पुन्हा आपटले. मानसशास्त्रज्ञ लीडा कॉस्मिडीस यांचं म्हणणं असं की फसवणारा हुडकण्याची खास सोय उत्क्रांतीनं आपल्या डोक्यात करून ठेवली आहे. असेलही. मला त्याहून साधं कारण पुरेसं वाटतं : नियम मोडणारा माणूस आपल्याला डोळ्यांपुढे आणता येतो. सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये पेपर उघडून बसलेला गृहस्थ आपण लगेच रंगवतो, कधीकधी तो आपणच असतो. माशाबरोबर जिन न पिणारा कुणाच्या डोळ्यांपुढे येणार? तो कसला गुन्हेगार? प्रतिमा उभी राहिली की तर्क दोन पावलांत तिथं पोचतो.

आपल्याकडच्या न्यायदर्शनानं हे फार आधी हेरलं होतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे, हे अनुमान ठरलेलं. पण कुणी शंका काढली की धूर असेल, आग कशावरून? तर नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, म्हणतो : बरं, समज आग नाही, मग धूरही असायला नको होता. ही जी 'समज'वाली पायरी, तिलाच ते तर्क म्हणतात. आग नसलेला डोंगर त्यानं मुद्दाम, खोटा आहे हे जाणून, उभा केला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टानं 'तर्कसंग्रहा'त तर्काला संशय आणि भ्रम यांच्या शेजारी, अयथार्थ ज्ञानात बसवलंय. तरीही प्रमाणाच्या, म्हणजे खरं ज्ञान देणाऱ्या साधनाच्या, मदतीला तो लागतोच, असं न्यायपरंपरा मानते. खोट्याच्या मदतीनं खऱ्याची शंका फेडायची, ही त्या मंडळींची हिंमत मला फार आवडते.

पुढे चालणारी कल्पना वाट चुकली, तर मागून येणारा तर्कही चुकतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पुष्कळांनी विमान सोडून मोटारीनं लांबचे प्रवास केले. इमारतीत घुसणारं विमान सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. महामार्गावरचा रोजचा अपघात कुणाच्याच नव्हता. मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेन्झर यांच्या हिशेबानं पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं त्यापायी जास्तीची मेली. विमान धोक्याचं वाटलं तर ते टाळावं, यात तर्काची चूक शोधून सापडणार नाही. धोक्याचं चित्र मात्र एकच आलं होतं.

आणि चित्रच येईनासं झालं तर? २००७ साली मेंदूशास्त्रज्ञ डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच जणांना विचारलं, तुम्ही सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, काय दिसतंय ते सांगा. बहुतेकांना सलग देखावा उभा करता येईना. तुकडे यायचे, जागा उभी राहायची नाही. बुद्धी शाबूत होती.

पुढच्या आठवड्यापर्यंत घरात करून बघायला वॉसन यांचंच १९६० सालचं दुसरं कोडं देतो. समोरच्याला सांगा : तीन आकड्यांचा एक नियम माझ्या मनात आहे आणि २, ४, ६ त्यात बसतात. तू तीन-तीन आकड्यांचे हवे तेवढे गट विचार, मी बसतात की नाही ते सांगीन. खात्री झाली की नियम ओळख. लोक ८, १०, १२ विचारतात, मग २०, २२, २४, आणि छातीठोकपणे सांगतात, दोन-दोननं वाढणारे आकडे. नियम एवढाच की प्रत्येक आकडा आधीच्याहून मोठा. ५, ४, ३ किंवा १, २, ९० विचारून बघायचं सुचणारा विरळा. शाळकरी पोरांना आधी विचारा, मोठ्यांना नंतर. नियम मात्र आधीच कागदावर लिहून घडी घालून ठेवा, नाहीतर तो तुम्ही आयत्या वेळी बदललात म्हणून भांडण ठरलेलं.