दार उघडेच आहे!

शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारे-कुलपे लावत नाहीत. तिथे कोणी म्हणाले, ‘‘या, दार उघडेच आहे!’’ तर त्यात थट्टा नाही, ती वस्तुस्थिती आहे. तेच वाक्य पुण्यात, न विचारता आत शिरणाऱ्याला म्हटले, की टोमणा होतो. शब्द तेच, फरक प्रसंगाचा.

उपरोध ओळखायचा तो शब्द आणि प्रसंग यांतल्या विसंगतीवरून. उशिरा आलेल्या एका मुलाला मी म्हटले, ‘‘फार लवकर आलात!’’ ‘आलास’चे ‘आलात’ झाले, ‘फार’ लांबला, घड्याळ तर उलटेच सांगत होते. मुलगा परप्रांतीय. ‘‘थँक यू, सर,’’ म्हणून बसला. वर्ग हसला. तो आठवडाभर फिरकला नाही. चूक माझी, त्याला मराठी शब्द येत होते, या खुणा नव्हत्या.

वाक्प्रचाराचे तसे नाही. तो ठाऊकच असावा लागतो. ‘साडेसाती लागली’ हेच घ्या. शनीची सूर्याभोवती एक फेरी सुमारे २९.५ वर्षांची. राशी १२, म्हणजे एका राशीत तो जवळजवळ अडीच वर्षे दिसतो. जन्मराशी, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशींची झाली साडेसात वर्षे! गणित चोख आहे. पीडेचा भाग मात्र शनीच्या गावीही नाही. आणि आजोबा हसत हसत नातवाकडे बोट दाखवून ‘‘ही आमची साडेसाती’’ म्हणतात, तेव्हा पंचांग उघडू नका. आजोबांचा चेहरा पाहा.