कुत्र्याच्या पिल्लाला जुलाब: डॉक्टरांकडे कधी न्यावं?

खाणं बदललं की पिल्लाला एखाद-दुसरी पातळ शी होते. ते खेळत असेल, पाणी पीत असेल, तर दिवसभर लक्ष ठेवणं पुरतं. पण वारंवार उलट्या, शीमध्ये रक्त किंवा मलूलपणा दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. 6 आठवडे ते 6 महिने या वयात पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा धोका सर्वाधिक. लसी अपुऱ्या असतील तर फारच. एवढ्याशा अंगातलं पाणी आणि साखर काही तासांत घसरते. हिरड्या फिकट, चिकट लागल्या, तर उशीर होत चाललाय. घरातल्या माणसांच्या गोळ्या कृपा करून देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन जिवावर बेततात. जाताना लसीकरणाचं कार्ड न्या, आणि दवाखान्यात पिल्लाला जमिनीवर सोडू नका, दुसऱ्या कुत्र्यांना लागण होऊ शकते.