बाँडवर लिहिली म्हणून सोडचिठ्ठी होत नाही

खते-बियाणे सांगणाऱ्या माणसाने काडीमोडावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण हा विषय आमच्याही टेबलावर येतो.

दौलताबाद भागातला एक शेतकरी विहिरीच्या कामावर दगावला. शेतकरी अपघात योजनेच्या दोन लाखांसाठी दोन बाया अर्ज घेऊन आल्या. पहिलीला बारा वर्षांपूर्वी बाँडवर सोडचिठ्ठी दिलेली होती. भावकीचे साक्षीदार होते, नोटरीचा शिक्का होता. दुसरीने बारा वर्षे त्याच रानात घाम गाळला, दोन लेकरे वाढवली. पण कोर्टाचा निकाल कुणाकडेच नव्हता. कायद्याच्या नजरेत बायको पहिलीच ठरली. दुसरीच्या लेकरांना बापाच्या वाट्यात हक्क आहे, तिला स्वतःला नाही.

१९७४ साली महाराष्ट्रातल्या एका बाईचे लग्न विधीप्रमाणे लागले, पण नवऱ्याचे पहिले लग्न कायम होते. पुढे तिने पोटगी मागितली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे लग्नच रद्दबातल ठरवून पोटगी नाकारली. २०१३ साली त्याच न्यायालयाने पहिले लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीला पोटगी दिली खरी, पण तोही खटला दिल्लीपर्यंत गेला. आपल्यापैकी किती जणींना ते झेपेल?

काही समाजांत रूढीने काडीमोड होतो व १९५५ चा हिंदू विवाह कायदा तो मानतो. मात्र तशी जुनी रूढी आहे, हे कोर्टात सिद्ध करावे लागते. मुसलमान कुटुंबांतही नुसते 'तलाक दिला' म्हणणे पुरत नाही. तलाक रीतसर झाल्याचे सिद्ध करावे लागते, असे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ सालीच सांगितले. एका दमात तीनदा तलाक म्हणणे तर २०१९ पासून गुन्हा आहे.

मग मार्ग कोणते? दोघांचे एकमत असेल तर संमतीचा घटस्फोट. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावा. पुढे साधारण सहा महिने थांबावे लागते. २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकते. एकमत नसेल तर छळ, सोडून देणे, परस्त्री वा परपुरुषाशी संबंध अशा कारणांवर एकाला दावा लावता येतो. लग्न न मोडता कोर्टाकडून वेगळे राहण्याची परवानगीही मिळते. पोटगीसाठी घटस्फोट घ्यावाच लागतो असेही नाही. आणि माहेरी राहणाऱ्या बाईला माहेरच्या भागातल्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावता येतो.

वकिलाकडे जाताना लग्नपत्रिका, फोटो, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, सातबारा, आठ-अ आणि स्त्रीधनाची यादी न्यावी. वकिलापासून काही लपवू नये. लपवलेली गोष्ट समोरचा वकील भर कोर्टात काढतो. फी किती व कोणत्या टप्प्याला, हे आधी ठरवून पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. अर्ज मराठीत वाचून घ्यावा. खटल्याचा नंबर व तारीख स्वतःच्या वहीत लिहावी. तडजोड झाली तर मुले कुणाकडे, पोटगी किती, दागिने व जमिनीचे काय, हे सारे त्यात लिहिलेले असावे. तोंडी शब्दावर राहू नये.

पैसे नाहीत म्हणून कुणी बाँडच्या वाटेने जाऊ नये. बायकांना, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या नंबरवर फोन करावा.

दोन गुंठ्यांची खरेदीसुद्धा नोंदणी केल्याशिवाय आपण पक्की मानत नाही. लेकीला सोडचिठ्ठी घेऊन माहेरी आणताना, किंवा सोडचिठ्ठी दिलेल्या मुलाला लेक देताना, कोर्टाच्या निकालाची नक्कल मागा. अपिलाची मुदत संपली का तेही वकिलाला विचारा, आणि मगच सुपारी फोडा.