‘जि. परभणी’ लिहिलेली कॅसेट

आमच्या माळ्यावरच्या लोखंडी पेटीत गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत अकरा व्हिडिओ कॅसेट सापडल्या. एकीच्या खोक्यावर बॉलपेनाने लिहिलं होतं : शुभविवाह, हिंगोली, जि. परभणी. तारीख कुठेच नव्हती, पण पत्त्यानेच ती सांगून टाकली. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे कॅसेट त्याच्या आधीची. तेव्हापासून तिने पत्र्याखाली आपल्याकडचे सगळे उन्हाळे सोसलेले आणि पावसाळ्यातली ओल प्यायलेली.

‘याची सीडी करून आण की,’ आत्या म्हणाली. आपल्याकडे चकती कोणतीही असो, तिचं नाव सीडीच. मीही आधी तीच चूक केली जी बहुतेक जण करतात. कॅसेटची सीडी करायची म्हणजे एक कन्व्हर्टर विकत घ्यायचा, असं समजून ऑनलाइन स्वस्तातली एक यूएसबी कांडी मागवली. खरा प्रश्न कन्व्हर्टरचा नव्हताच. कॅसेट वाजवणार कशावर, हा होता.

कॅसेटच्या आत असते ती अर्धा इंच रुंदीची फीत. तीन तासांच्या, म्हणजे ‘ई-१८०’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये ती साधारण २५८ मीटर भरते. प्लेअरच्या आत एक चकचकीत ढोल किंचित तिरका बसवलेला असतो. आपल्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि त्याच्यावरची बारीक हेडं फितीवरच्या तिरप्या रेषा वाचत जातात. एका फेऱ्यात एक चित्र, सेकंदाला २५ चित्रं. हेडावर धूळ बसली, रबरी रोलर कडक झाला किंवा फीत केसभर वरखाली सरकली, की पडद्यावर मुंग्या येतात, चित्र वरून वाकतं, आवाज घरघरतो. जे फितीवरून नीट उचललंच गेलं नाही, ते नंतर कॉम्प्युटरवर कितीही रंगरंगोटी केली तरी परत येत नाही. म्हणून पैसे मोजायचे ते आधी प्लेअरवर.

आणि नवा प्लेअर आता जगात मिळत नाही. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये या कॅसेटची पद्धत, व्हीएचएस, बाजारात आणली. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींबद्दल इशारा दिला, तोही याच कारणाने : फीत कदाचित टिकेल, पण ती वाजवणारं यंत्र, त्याचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारा माणूस २०२५ च्या सुमारास नेहमीच्या वापरातून गेलेले असतील. ते वर्ष उलटून गेलं आहे.

तरी आपल्या भागात यंत्रं अजून सापडतात. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ आला. रात्रभराच्या भाड्याने टीव्ही-व्हिडिओ आणून गल्लीत तीन-तीन पिक्चर पाहिलेली पिढी आज आजोबा झाली आहे. त्या दुकानदारांच्या माळ्यावर, जुन्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या फळीवर, पुण्यात बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात विचारून पाहावं. यंत्रावर ‘व्हीसीपी’ लिहिलेलं असलं तर नाक मुरडू नका. व्हीसीपी म्हणजे नुसतं वाजवणारं, रेकॉर्डिंग न करणारं यंत्र, आणि आपल्याला वाजवायचंच तर आहे. पाठीमागे मात्र एव्ही आउटच्या गोल पिना हव्यात : चित्राची पिवळी, आवाजाची पांढरी, स्टिरिओ असेल तर लालही. अँटेनाच्या वायरीनेच टीव्हीला जोडायचं यंत्र असेल तर सोडून द्या. त्यात चित्र एकदा चॅनलमध्ये कोंबलं जातं आणि पुन्हा बाहेर काढलं जातं, मधल्या मधे खराब होतं.

घ्यायला जाताना बरोबर एखाद्या टाकाऊ पिक्चरची कॅसेट न्यावी. लग्नाची कॅसेट कधीच पहिली घालायची नाही. जुनं यंत्र फीत चावतं, आणि चावलेली फीत इस्त्री करून सरळ होत नाही. टाकाऊ कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन पाहा, दहा मिनिटं वाजवा, बाहेर काढून फितीच्या कडा दुमडल्या नाहीत ना ते बघा. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शामॉय कातड्याची कांडी वापरतात. कांडी स्थिर धरून ढोल बोटाने हळू फिरवायचा. कापसाच्या काडीने वरखाली घासलं तर कापसाचा धागा हेडात अडकतो आणि हेड तुटतं. धीर होत नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोडावं.

कॅसेटकडेही बघायला हवं. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट यंत्रात घातली की बुरशी यंत्राला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटला. माझ्या अकरांपैकी दोन अशा निघाल्या. त्या पिशवीत बांधून जाणकाराकडे पाठवायला बाजूला ठेवल्या. दुसरं, कॅसेटच्या मागच्या कडेला एक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. रेकॉर्डिंगही करणारा व्हीसीआर वापरणार असाल तर तो आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. हा पापुद्रा शाबूत राहिल्यामुळे किती घरांतल्या बारशांवर रामायण आणि क्रिकेट चढलं असेल, कोण जाणे.

आता कन्व्हर्टर. माझ्या कांडीने पहिल्या अर्ध्या तासात छान काम केलं. दोन तासांनंतर मंगलाष्टकं संपून टाळ्या वाजत होत्या आणि पडद्यावर अजून अक्षता पडत होत्या. जुन्या फितीचा सिग्नल सतत थरथरतो. कांडीला तो पेलला नाही की चित्र आणि आवाज यांचा मेळ सुटत जातो. यावर इलाज म्हणजे प्लेअर आणि कांडी यांच्यामध्ये सिग्नल सरळ करणारं काहीतरी हवं. व्यावसायिक त्यासाठी टाइम बेस करेक्टर वापरतात. तो महाग आणि दुर्मीळ. पण पूर्वी डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारी यंत्रं यायची. त्यांतल्या काहींमधून सिग्नल नुसता आत-बाहेर फिरवला तरी चित्र बरंच स्थिर होतं. पॅनासॉनिकची काही मॉडेल या कामासाठी नावाजलेली आहेत. नातेवाइकाच्या घरी असं यंत्र धूळ खात पडलं असेल तर मागून आणा, रेकॉर्ड होत नसलं तरी चालेल.

पिवळी पिन घालून एचडीएमआय बाहेर काढणारी छोटी डबी मात्र टाळा. ती टीव्हीला जोडायला ठीक आहे. कॅसेटमधल्या प्रत्येक चित्राचे दोन अर्धे भाग असतात, सेकंदाला ५० अर्धे. डबी ते घाईत एकमेकांत मिसळून चित्र फुगवते आणि हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात. सॉफ्टवेअरमध्ये पद्धत पाल ठेवावी आणि आकार ७२० बाय ५७६. त्याहून मोठा आकार घेऊन काही मिळत नाही. व्हीएचएसमध्ये मुळात तेवढा तपशीलच नसतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससीची असणार, ती आपल्या साध्या प्लेअरवर काळी-पांढरी किंवा उड्या मारत दिसते. दोन्ही पद्धती वाजवणारं यंत्र शोधावं लागतं. आखातातून आलेल्या हँडीकॅमच्या छोट्या आठ मिलिमीटर कॅसेट व्हीएचएसच्या यंत्रात बसवणारा अडॅप्टर अस्तित्वातच नाही. तो कॅमेराच चालू करावा लागतो. सोनीच्या डिजिटल-एट कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच मॉडेलवर जुन्या आठ मिलिमीटरच्या कॅसेटही वाजतात. मिनीडीव्ही तर आधीच डिजिटल. ती पिवळ्या पिनेने काढणं म्हणजे दूध नासवून पुन्हा दूध करायला बसणं. फायरवायरचं कार्ड असलेला जुना डेस्कटॉप मिळवा, तासाला साधारण १३ जीबी जागा धरा, फीत जशीच्या तशी उतरते.

मग सीडीचं काय? साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. दोन तास बऱ्यापैकी बसतात. तीन तास कोंबले की नवरीच्या शालूच्या जरीचे चौकोन चौकोन होतात. लग्नाची पूर्ण कॅसेट असेल तर दोन डीव्हीडी कराव्यात. पण माझ्या मते डीव्हीडी आत्याला देण्यापुरती, कारण तिच्या टीव्हीखाली प्लेअर अजून आहे. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर ऊन-उकाड्याने उडतो, आणि नव्या लॅपटॉपला चकती घालायला फटच उरलेली नाही. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवलेली बरी. कॅसेटही फेकू नका.

अजून एक. तुमच्याकडची कॅसेट बहुधा कॉपी असते. शूटिंगवाल्याने मिक्सरवर बदाम आणि चांदण्या घालून, गाणी चढवून दिलेली. त्याच्याकडे मूळ मास्टर राहिली असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक कॉपीगणिक चित्र एक पायरी उतरलेलं असतं. त्याला एकदा विचारून तर बघा.

कॅसेट आठ-दहाच असतील तर नांदेड-संभाजीनगरच्या दुकानात देणं सोयीचं. तिथे मात्र डीव्हीडीबरोबर मूळ फाइल पेनड्राइव्हवर देणार का, आणि कॅसेट शेवटपर्यंत वाजवणार की मधेच गाळणार, एवढं विचारून घ्यावं. कारण हे काम वेळखाऊ आहे. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, आणि मधे लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. मी इन्व्हर्टर चार्ज करून बसलो होतो.

आत्या शेजारी बसली होती. वरात निघाली, मागे रुळावरून मीटरगेजची गाडी गेली, आता तिथे मीटरगेजही नाही. पंगतीत एक बाई वाढत होती, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे पाठ.

‘थांब, थांब. मागं घे. ती कोण होती?’

रेकॉर्डिंग चालू होतं, मागे घेता येत नव्हतं. काउंटर बघून वहीत लिहून ठेवलं : १ तास ४७ मिनिटं, वाढणारी बाई, आत्याला विचारणे.