डोझरचे दोन जादा क्लच

कारला एक क्लच असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. जुन्या चेनवाल्या डोझरला त्याशिवाय आणखी दोन असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. स्टेअरिंग व्हील नसतेच. डावा दांडा ओढला की डाव्या चेनला इंजिनाची ताकद मिळणे बंद होते. त्याच बाजूचा ब्रेक दाबला की मशीन डावीकडे वळते.

पेडण्याचे माझे मामा डिचोलीच्या खाणीवर फिटर होते. 2012 च्या खाणबंदीत आणि पुन्हा 2018 मध्ये कितीतरी मशिने जागीच उभी राहिली. "इंजिनाचं काय घेऊन बसलास? पावसात आधी स्टेअरिंग क्लच धरतात," मामा म्हणतात. कोरड्या क्लचच्या प्लेटा स्प्रिंगने कायम एकमेकींवर दाबलेल्या असतात. आपल्या दमट हवेत त्या गंजून चिकटतात. मग दांडा कितीही ओढा, मशीन सरळच जाते! उपाय दोरीच्या तुकड्याचा: मशीन उभे करताना दोन्ही दांडे मागे ओढून बांधायचे, म्हणजे प्लेटा सुट्या राहतात. ते राहिले, तर बरेच काही खोलून क्लच बाहेर काढावा लागतो. आमच्या सर्व्हरसारखे बंद करून पुन्हा चालू करण्याचे हे काम नव्हे.

उतारावर तर सगळेच उलटे. तिथे मशीन स्वतःच्या वजनाने खाली ओढले जाते आणि इंजिन त्याला अडवून धरते. अशा वेळी ब्रेक न लावता नुसता डावा दांडा ओढला, तर डावी चेन मोकळी पळते आणि मशीन उजवीकडे वळते. खाणीत उजव्या हाताला खोल कडा असू शकतो. म्हणून नव्या ऑपरेटरला मामा आधी एखाद्या लहानशा उतारावर नेऊन हे करून दाखवायचे.