घोड्याच्या खुरांतली आग
दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने आणलेला घोडा एके सकाळी पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभा दिसतो, वळायला कचरतो. नालबंद बिचारा बोलणी खातो. बहुधा दोष चंदीचा असतो. दावे तोडून घोडा धान्याच्या पोत्याशी पोचला, की जादा पिष्ट मोठ्या आतड्यात आंबते, विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि खुराचे कवच आतल्या हाडाला धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजतात. व्यालेल्या घोडीची वार अडकली तरी हेच घडते. खूर गरम लागला, तर बंधूंनो, चंदी तत्काळ बंद करा, पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा, खाली जाड भुसा पसरा. फिरवून मोकळा करू नका. पशुवैद्य त्याच दिवशी बोलवा. हाड कवचापासून सुटून खाली कलले, की घोडा पूर्ववत होणे कठीण.